एका टेबलाच्या दोन बाजू

मुलाला शाळेत न पाठवता घरीच शिकवावं असा विचार करणारे पालक अधूनमधून भेटतात. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. पुस्तकं कोणती आणावीत? रोज किती तास बसवावं? परीक्षेचं काय? थोडा अधिक विचार केलेले पालक विचारतात, हे मुलाला मानवेल का? एक प्रश्न मात्र मला अजून कुणी विचारलेला नाही. हे शिकवणाऱ्याला मानवेल का? या प्रश्नाचं बोट धरून मी दोन जुनी पुस्तकं नुकतीच पुन्हा वाचली. एक जॉन स्टुअर्ट मिलचं १८७३ साली प्रसिद्ध झालेलं आत्मचरित्र आणि दुसरं जॉन होल्ट या अमेरिकन शिक्षकाचं १९८१ सालचं ‘टीच युवर ओन’.

आगरकरांमुळे मिल हे नाव आपल्याला परकं नाही. १८०६ साली लंडनमध्ये जन्मलेल्या या मुलानं लहानपणी शाळेचं तोंड पाहिलं नाही. वडील जेम्स मिल यांनीच त्याला शिकवलं. तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन, बाराव्या वर्षी तर्कशास्त्र. ग्रीक-इंग्रजी शब्दकोश तेव्हा नव्हते, त्यामुळे अडलेला प्रत्येक शब्द वडिलांना विचारावा लागे. वडील त्याच टेबलाशी बसून ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास लिहीत असत. स्वभावानं ते अतिशय उतावळे होते, तरीही हा सततचा व्यत्यय सोसत त्यांनी त्या ग्रंथाचे खंड पुरे केले, असं मुलगा कृतज्ञतेनं नोंदवतो.

मला हे टेबल या आत्मचरित्रातली सर्वांत बोलकी वस्तू वाटते. एका बाजूला बापाचं खरंखुरं काम चाललेलं, दुसऱ्या बाजूला मुलाचं. मोठा माणूस विचार कसा करतो, अडतो कुठे, खोडतो काय, हे मुलाला रोज दिसत होतं. सकाळी दोघं फिरायला जात. आदल्या दिवशी वाचलेलं मुलगा चिठोऱ्यांवर टिपून ठेवी आणि चालता चालता वडिलांना सांगे. विचार करून सापडेल अशी गोष्ट, मुलानं सर्व प्रयत्न केल्याखेरीज, वडील कधीच आयती सांगत नसत. आपल्यापैकी कोणाही शिक्षकाला हेवा वाटावा असंच हे आहे.

पण मिल प्रामाणिक लेखक आहे, तो दुसरी बाजूही लपवत नाही. वडील त्याच्याकडून शक्य तेवढंच नव्हे, तर अशक्यही मागत. धाकट्या भावंडांना शिकवण्याचं काम त्याच्यावर पडलं आणि त्यांचे धडे चुकले की जाब यालाच द्यावा लागे. विज्ञानशिक्षकांनी तर एक कबुली मुद्दाम वाचावी. रसायनशास्त्रावरची पुस्तकं या मुलानं अक्षरशः फस्त केली, पण प्रयोग करणं दूरच, कित्येक वर्षं प्रयोग नुसता पाहिलासुद्धा नाही. त्याची खंत त्याला पुढे वाटत राहिली. हातानं करायच्या कामात तो जन्मभर अकुशल राहिला. हे असं का झालं? वडिलांना पुस्तकं येत होती, उपकरणं येत नव्हती. घरी शिकवताना पालकाची मर्यादा हीच अभ्यासक्रमाची कुंपणभिंत होते. शाळेत एका शिक्षकाची उणीव दुसरा भरून काढण्याची शक्यता तरी असते.

१८२६ साली, विसाव्या वर्षी, मिलला खोल नैराश्यानं गाठलं. अशा वेळी मदतीसाठी ज्याच्याकडे जावंसं वाटेल असा शेवटचा माणूस म्हणजे वडील, असं तो लिहितो. कित्येक वर्षं एका टेबलाशी काढल्यावरची ही स्थिती आहे. अभ्यास पुरा झाला होता, नातं अर्धवट राहिलं होतं.

या पुस्तकातल्या एका विधानाला मात्र संशोधक म्हणून माझा ठाम आक्षेप आहे. आपली बुद्धी सामान्यच होती, तेव्हा आपल्याला जे जमलं ते सामान्य बुद्धीच्या कोणत्याही निरोगी मुलाला किंवा मुलीला जमेल, असं मिल म्हणतो. एका मुलावरच्या प्रयोगातून इतका मोठा निष्कर्ष काढता येत नाही. गंमत म्हणजे तुलनेची सोय घरातच होती. मिल हा नऊ भावंडांतला थोरला. बाकीच्या आठांपैकी कितीजणांना ही पद्धत मानवली, याचा हिशेब आत्मचरित्रात नाही. आणखी एक गैरहजेरी डोळ्यांत भरते, ती आईची. बाप लिहितो आहे, मुलगा ग्रीक शिकतो आहे आणि नऊ मुलांचं घर चालवणाऱ्या बाईचा छापील पुस्तकात उल्लेखच नाही. घरचं शिक्षण कुणाच्या श्रमावर उभं असतं हे न सांगणारं वर्णन अपुरंच म्हटलं पाहिजे.

होल्ट याच्या अगदी दुसऱ्या टोकाला उभा आहे. त्यानं पाचवीच्या वर्गाला शिकवलं. १९६४ सालच्या ‘हाउ चिल्ड्रन फेल’ या पुस्तकात मुलं गणिताकडे न बघता शिक्षकाचा चेहरा वाचून उत्तर कसं शोधतात, हे त्यानं बारकाईनं टिपलं. शाळा सुधारण्याची आशा मावळल्यावर १९७७ साली घरी शिकवणाऱ्यांसाठी त्यानं एक नियतकालिक काढलं. ‘टीच युवर ओन’मध्ये अशा पालकांची पत्रं भरपूर आहेत आणि तेच पुस्तकाचं बळ आहे. पालकानं पदवीधर असलंच पाहिजे असं नाही. त्याला मुलं आवडली पाहिजेत, त्यांची बडबड आणि प्रश्न आवडले पाहिजेत, असं तो सांगतो.

अट सुंदर आहे. पण ती सोमवारी सकाळी पुरी होते आणि गुरुवारी दुपारी होत नाही, त्याचं काय? होल्टला स्वतःचं मूल नव्हतं. त्याची नजर मुलांना जितकी बारकाईनं पाहते तितकी थकलेल्या पालकाला पाहत नाही, असं मला वाचताना जाणवत राहिलं.

हे मी अनुभवानं लिहितो आहे. २०२०च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. माझी मुलगी त्या जूनमध्ये पाचवीत गेली. प्रयोगशाळेचं काम घरून चाललेलं, म्हणून मी उत्साहानं भिंतीवर वेळापत्रक लावलं. तीन आठवड्यांत माझा आवाज चढायला लागला. एक दिवस अपूर्णांकांची बेरीज विचारली, तर ती वहीकडे न बघता माझ्या चेहऱ्याकडे बघत उत्तर चाचपू लागली. होल्टनं वर्णन केलेलं मूल माझ्याच घरात बसलं होतं आणि त्याला तसं करणारा शिक्षक मी होतो.

वेळापत्रक काढून टाकलं. गणित आजीकडे गेलं. त्या निवृत्त शिक्षिका, त्यांच्याकडे माझ्या चौपट धीर. मी माझ्या आकडेमोडीला बसे, समोर ती तिचं काही करी. एकदा चहाचं आधण निवताना दर दोन मिनिटांनी तिनं तापमान लिहिलं आणि आलेख काढला. रेघ सरळ न येता वाकडी का आली, यावर आम्ही दोन संध्याकाळी भांडलो. दशांश अपूर्णांक त्या भांडणात कधी शिकून झाले ते कळलंही नाही. तासभर व्यत्यय नको असेल तर तसं मी आधीच सांगे, तीही सांगे. शाळा उघडल्यावर ती आनंदानं मैत्रिणींकडे परत गेली. ते योग्यच झालं.

मिलच्या वडिलांचं टेबल मला तेव्हा नव्यानं समजलं. एकत्र बसणं उपयोगाचं होतं. एकाच माणसानं सगळं शिकवायचा हट्ट आणि त्यामागचा धाक नव्हता. घरी शिकवावं का, असं विचारायला पालक तुमच्याकडे आले, तर मुलाची चौकशी जरूर करा. पण त्याआधी त्यांना विचारा : तुम्हाला स्वतःला काय येतं, काय येत नाही? तुम्ही दिवसाच्या कुठल्या वेळी चिडता? आणि त्या वेळी मुलानं कुणाकडे जायचं?