गाळकाच्या जाहिरातीतून गाळलेले

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरील वळसंगला उन्हाळ्यात गेलेल्या माणसाला हवा गाळण्याचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. डांबरी रस्ता सोडून गाडी शेताच्या वाटेला लागली, की मागे धुळीचा लोट उठतो. तिथल्या एका शिक्षकमित्रांनी आम्हाला विचारले, “मोटारीचा कागदी एअर फिल्टर दर वेळी बदलावा, की धुऊन पुन्हा वापरायचा, तेल लावलेल्या सुती जाळीचा घ्यावा?” दुसऱ्या प्रकाराच्या जाहिरातींत सहसा तीन दावे असतात : खर्च एकदाच, इंजिनाला हवा जास्त आणि म्हणून पेट्रोल कमी. ते तपासून पाहू या.

आधी हवेचा हिशेब. १ किलो पेट्रोल जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे १ लिटर पेट्रोलमागे जवळजवळ ९,००० लिटर! लिटरला १५ किलोमीटर जाणारी मोटार १०,००० किलोमीटरांत सुमारे ६० लाख लिटर हवा ओढते आणि तिच्याबरोबर धूळही. दख्खनच्या बेसाल्टमधील फेल्डस्पार या खनिजाचे कण काचेवर ओरखडा काढण्याइतके कठीण असतात. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांमध्ये ते शिरले, तर पॉलिशपेपरचेच काम करतात.

फिल्टर म्हणजे चाळणी, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात छिद्रापेक्षा बारीक कणही अडतात. जड कणांना हवेबरोबर चटकन वळता येत नाही, ते तंतूंवर आदळतात. अतिबारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतात आणि तंतूंना चिकटतात. कागदावर धुळीचा थर बसला, की तो थरही गाळू लागतो. सुती जाळी विरळ असते. तिथे कण धरण्याची भिस्त तेलावर. ट्रॅक्टरच्या ऑइल बाथ एअर क्लीनरमागेही तेलाने धूळ धरण्याचेच तत्त्व आहे.

आता टक्केवारीकडे पाहू. समजा, एक फिल्टर ९९ टक्के धूळ अडवतो आणि दुसरा ९७ टक्के. फरक दोनच टक्क्यांचा वाटतो. पण १०० ग्रॅम धुळीपैकी पहिल्यातून १ ग्रॅम आत जाते, दुसऱ्यातून ३ ग्रॅम, म्हणजे तिप्पट! इंजिन झिजते ते आत गेलेल्या धुळीने. आयएसओ ५०११ या चाचणीत गाळण्याची क्षमता, हवेला होणारा अडथळा आणि धूळ साठवण्याची क्षमता ही तिन्ही मोजता येतात. जाहिरात हवेचा प्रवाह तेवढा सांगून इतर दोन आकडे गाळत असेल, तर आपण ते मागितले पाहिजेत.

पेट्रोल वाचण्याचा दावाही टिकत नाही. नेहमीच्या चालीत थ्रॉटलची झडप अर्धवट मिटलेलीच असते. फिल्टर मोकळा करून फारसे काय साधणार? शिवाय इंजेक्शनच्या गाडीत संगणक हवेच्या प्रमाणातच पेट्रोल सोडतो. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली अशा पेट्रोल गाड्यांत मुद्दाम तुंबवलेले फिल्टर बसवून पाहिले. इंधनाच्या खपात लक्षणीय फरक पडला नाही. वेग घेण्याची ताकद मात्र घटली. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांची गोष्ट वेगळी. तुंबलेल्या फिल्टरने त्या जास्त पेट्रोल खात.

राहिला खर्च. जाळी एकदाच घ्यायची हे खरे. पण ती धुवायची, पूर्ण वाळवायची आणि बेताचे तेल लावायचे. तेल कमी पडले तर धूळ आत जाते. जास्त झाले तर हवा मोजणाऱ्या संवेदकावर त्याचा अंश बसू शकतो. धुतलेले तेलकट पाणी कुठे सोडायचे, हाही प्रश्न आहेच. कागदवाल्यांची चूक निराळी : पंक्चरच्या दुकानात जोराची हवा मारून तोच फिल्टर पुन्हा बसवणे. त्याने कागद फाटू शकतो आणि बारीक चीर डोळ्यांना दिसतही नाही.

म्हणून आमच्या मित्रांना आम्ही कागदी फिल्टर सुचवला. मात्र धुळीच्या वाटेसाठी गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या कमी मुदतीत तो बदलावा. नियमाने धुणे-वाळवणे जमणाऱ्याने, तिन्ही आकडे पाहून, जाळी जरूर घ्यावी.

विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग : दोन काचपट्ट्या घ्या. एकीला खोबरेल तेलाचे बोट पुसा, दुसरी कोरडी ठेवा. शाळेच्या फाटकाजवळ तासभर ठेवून हलक्या फुंकरीनंतर भिंगातून कण मोजा. मग वर्गात विचारा : तेलाने किती कण धरले हे कळले, पण किती निसटले हे कसे मोजाल?