मृत्युगणनेपलीकडे : कीटकांची कालव्यवस्था आणि विषचाचणीच्या मर्यादा

कीटकनाशकाची सुरक्षितता ठरविताना किती कीटक मेले, हाच प्रमुख निकष मानला जातो. परंतु कीटकाचे जगणे वेळेवरही अवलंबून असते. फुले उमलतात तेव्हा मधमाशीला बाहेर पडावे लागते. प्रतिकूल ऋतूपूर्वी अनेक कीटकांना सुप्तावस्थेत जावे लागते. ही वेळ चुकविणारे रसायन तत्काळ जीव न घेताही घातक ठरू शकते.

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेची १९९८ ची मार्गदर्शिका क्रमांक २१३ या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. तीत मधमाश्यांना रसायनमिश्रित खाद्य देऊन ४८ तासांतील मृत्यू मोजले जातात. गरजेनुसार ही मुदत ९६ तासांपर्यंत वाढविता येते. असामान्य वर्तनाची नोंद अपेक्षित असली, तरी निष्कर्ष निम्म्या माश्यांना मारणाऱ्या मात्रेवरच बेतलेला असतो. शिवाय माश्या अंधारात ठेवल्या जातात. तुलनेसाठी परिस्थिती एकसारखी ठेवणे योग्यच. परंतु दिवस-रात्रीचे चक्रच वगळल्यावर त्या चक्राशी जुळवून घेण्यातील बिघाड दिसणार कसा?

हा आक्षेप केवळ तात्त्विक नाही. निओनिकोटिनॉइड गटातील कीटकनाशके चेतापेशींवरील ॲसिटिलकोलीनच्या ग्राहींवर परिणाम करतात. जैविक घड्याळाशी निगडित मेंदूपेशींनाही या ग्राहींमार्फत संदेश मिळतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत याचे परिणाम स्पष्ट झाले. थायमेथोक्झाम व क्लोथियानिडिन यांमुळे मधमाश्यांची दैनिक लय व निद्रा विस्कळीत झाली, तर इमिडाक्लोप्रिडमुळे बंबलबी दिवसा अधिक झोपू लागल्या.

सुप्तावस्थेबाबतचा पुरावा संप्रेरकांच्या अभ्यासातून मिळतो. क्युलेक्स पिपियन्स डासाच्या हिवाळी मादीत बाल-संप्रेरक अत्यल्प असते. ते बाहेरून दिल्यास तिची थांबलेली बीजांडवाढ पुन्हा सुरू होते. डासांच्या अळ्यांविरुद्ध वापरले जाणारे मेथोप्रीन याच संप्रेरकाची नक्कल करते.

दैनिक घड्याळच दिवसाची लांबी मोजते, ही कल्पना एर्विन ब्यूनिंग यांनी १९३६ मध्ये मांडली. तथापि, दैनिक लय बिघडली म्हणजे सुप्तावस्थाही बिघडलीच, असे गृहीत धरणे शास्त्रीय ठरणार नाही. दोन्हींची स्वतंत्र चाचणी आवश्यक आहे.

महाराष्ट्रालाही हा प्रश्न परका नाही. कापसाच्या हंगामाअखेरीस गुलाबी बोंडअळी सरकीत सुप्तावस्थेत जाते आणि पुढील हंगामातील प्रादुर्भावाचे बीज तेथेच राहते. ठरावीक प्रकाश-अंधार चक्रात हालचालींची नोंद घेणे, तसेच लहान व मोठ्या दिवसांत सुप्तावस्थेचे प्रमाण मोजणे महाविद्यालयीन प्रयोगशाळांनाही शक्य आहे. मृत्युगणनेला या दोन नोंदींची जोड मिळाल्याखेरीज ‘सुरक्षित’ हा शब्द अपुराच राहील.