न टाकलेल्या कागदांचे वाचन

साहित्यसमीक्षेला जपून ठेवलेल्या संहितेची सवय असते. एखादी संहिता कुणीतरी मोलाची मानली, तिच्या नकला केल्या, ती पुढील पिढीच्या हाती सोपवली, म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचली, असे आपण गृहीत धरतो. जुन्या कैरोतील, म्हणजे मध्ययुगीन फुस्तातमधील, बेन एझरा सिनेगॉगची 'गेनिझा' या गृहीतकालाच छेद देते. ईश्वराचे नाव लिहिलेला कागद नष्ट करू नये, या ज्यू परंपरेनुसार जीर्ण ग्रंथ पुरेपर्यंत बाजूला ठेवले जात. फुस्तातमध्ये मात्र पत्रे, हिशेब, करारनामे असे बरेच काही या कोठडीत साचत गेले आणि पुरायचे राहून गेले. हे कागद कुणी जपले नाहीत. त्यांना टाकताही आले नाही, एवढेच. संहितेच्या अस्तित्वाचा हा तिसरा प्रकार आपल्या वाचनपद्धतीची परीक्षा पाहणारा आहे.

१८९६मध्ये अ‍ॅग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या जुळ्या बहिणींनी आणलेल्या एका पानात सॉलोमन शेख्टर यांना बेन सिराच्या बोधग्रंथाची हिब्रू संहिता दिसली आणि ते कैरोला गेले. केंब्रिजमधील टेलर-शेख्टर संग्रहात आज सुमारे १,९३,००० तुकडे आहेत. शेख्टर यांना प्रामुख्याने ग्रंथ हवे होते. व्यवहाराचे कागद गौण होते. ही उतरंड उलटी केली ती एस. डी. गॉयटाइन यांनी. 'अ मेडिटेरेनियन सोसायटी' या ग्रंथाच्या पाच खंडांतून (१९६७-८८) त्यांनी याच गौण कागदांतून एक समाज उभा केला. हे कार्य असाधारण आहे, यात शंका नाही. तथापि, काचेतून पाहावे तसे कागदातून दैनंदिन जीवन थेट दिसते, असा समज त्यातून दृढ होण्याचा धोका आहे. पत्र, मृत्युपत्र, विनंतीअर्ज या प्रत्येकाला स्वतःचा रूपबंध आणि संकेत असतात. माणूस त्या संकेतांच्या आतूनच बोलतो.

वुह्शा या अकराव्या-बाराव्या शतकातील सावकारी करणाऱ्या स्त्रीचे उदाहरण घ्यावे. हसून नावाच्या पुरुषापासून तिला विवाहाबाहेर मुलगा झाला होता; प्रायश्चित्ताच्या दिवशी तिला सिनेगॉगमधून बाहेर काढण्यात आले होते. तिच्या मृत्युपत्रात सिनेगॉगांना देणगी आहे, लोकांना रात्री अध्ययन करता यावे म्हणून दिव्याच्या तेलाची तरतूद आहे, आणि हसूनला एक पैही मिळू नये, असे स्पष्ट बजावलेले आहे. धर्मदायाची भाषा येथे ठरीव आहे. पण ज्या समाजाने बाहेर काढले, त्याच्याच प्रार्थनागृहात दिवा लावण्यासाठी ती ठरीव भाषा वापरली जाते, तेव्हा तिचा अर्थ पालटतो. वुह्शाचा आवाज संकेत मोडून नव्हे, तर संकेत वापरून उमटतो. केवळ माहितीसाठी वाचणाऱ्याच्या हातून नेमके हेच निसटते.

याच्या उलट धोका अतिवाचनाचा आहे. मैमोनिडीसचा धाकटा भाऊ डेव्हिड याने तांबड्या समुद्राकाठच्या ऐधाब बंदरातून लिहिलेले पत्र गेनिझात सापडले. नीळ सोडली तर येथे घेण्याजोगे काही नाही, म्हणून आपण भारताकडे निघालो आहोत, असे तो कळवतो. पत्नीला धीर द्यायला सांगतो. पुढे तो समुद्रात बुडाला. आपण हे पत्र शोकांतिकेचा अखेरचा प्रवेश म्हणून वाचतो. परंतु त्या कागदावर मृत्यू नाही. आहे ती नीळ, प्रवासाचा शीण आणि घरच्यांची काळजी. शोकात्मता आपल्या ज्ञानातून येते. ती पत्रावर लादताना डेव्हिडचा तो साधा, न संपलेला दिवस आपण हिरावून घेत असतो.

प्रश्न अधिक बिकट होतो तो ज्यांनी काहीच लिहिले नाही त्यांच्यापाशी. अब्राहम बेन यिजू या व्यापाऱ्याने १७ ऑक्टोबर ११३२ रोजी मंगळुरात अशू नावाच्या दासीला मुक्त केल्याचा दस्त उपलब्ध आहे. तिच्याशीच त्याने विवाह केला, असे अभ्यासक मानतात. अमिताव घोष यांनी 'इन अ‍ॅन अँटिक लँड'मध्ये (१९९२) बेन यिजूच्या एका दासाचा माग काढला आणि पत्रांत आलेल्या स्वरचिन्हविरहित अक्षरांतून 'बोम्म' हे नाव उलगडले. इतरांच्या पत्रांतील उल्लेखांपुरते ज्याचे अस्तित्व, त्याला नाव मिळवून देणे ही मोठीच गोष्ट आहे. मात्र घोष अशूच्या विवाहामागे प्रेमाची शक्यता सुचवतात, तेव्हा कादंबरीकार तुकड्याची फाटलेली कड शिवू लागतो. दस्तात मालकाची इच्छा नोंदलेली आहे, अशूची नाही. ते मौन कथेने भरून काढले, की दास्याची नोंदही त्याबरोबर पुसट होते.

तुकड्याशी प्रामाणिक राहणे म्हणजे त्याची फाटलेली कड हाही संहितेचाच भाग मानणे. फातिमी दरबाराचे फर्मान कापून त्याच्या रुंद ओळींमधील कोऱ्या जागेत कुणी हिब्रू मजकूर लिहिला. सत्तेची भाषा आणि रोजची गरज एकाच कागदावर राहिली. तेथे कोणता मजकूर मुख्य आणि कोणता गौण, हे कागद सांगत नाही. ते आपण ठरवतो. आणि त्या निर्णयाची जबाबदारी इतिहासकाराइतकीच समीक्षकाचीही आहे.