चौथा खांब

डबेवाल्यांकडून कंपन्यांचे साहेब काय शिकतात, यावर पुष्कळ लिहून झाले. ते काय शिकत नाहीत, हे आता आपण तपासले पाहिजे.

हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक स्टीफन थॉमके यांनी 2010 साली मुंबईच्या डबेवाल्यांवर वर्गात शिकवण्यासाठी केस लिहिली. पुढे 2012 सालच्या लेखात त्यांनी या यशाचे चार खांब सांगितले: संघटना, व्यवस्थापन, कार्यपद्धती आणि संस्कृती. झाकणावरच्या रंगीत खुणा, लोकलचे वेळापत्रक, मुकादमाचा गट यांतून उभे राहिलेले कष्टकऱ्यांचे शास्त्र त्यामुळे जगापुढे गेले. अल्पशिक्षित माणूसही ज्ञान निर्माण करतो, हे पदवीधरांना मान्य करावे लागले. याचे मोल मी कमी लेखत नाही.

माझी हरकत चौथ्या खांबाच्या नावाला आहे. डबेवाले बहुतांशी मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातले. मी मावळातच शिकवतो. एक मुलूख, एक बोली, एक विठ्ठल, म्हणून परस्परविश्वास, असे या संस्कृतीचे कौतुक होते. आमच्या गावात हिला भावकी आणि सोयरीक म्हणतात. नवा गडी ओळखीने लागतो. ओळख गावातून येते आणि गाव जातीने वाटलेले असते. डबेवाल्यांत मराठा समाज बहुसंख्य आहे, तो योगायोगाने नव्हे.

गावकुसाबाहेरचा तरुणही मुंबईला गेलाच. गिरणीत त्याला सूतकताईच्या खात्यात काम मिळाले. जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात मज्जाव होता, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे. 1928 च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला. तो विटाळही कुणाच्या तरी लेखी 'संस्कृती'च होता!

यात डबेवाल्याला आरोपी करून भागणार नाही. तो भांडवलदार नव्हे. गटाची मिळकत वाटून खाणारा श्रमिक आहे. मार्च 2020 मध्ये लोकल थांबली, तेव्हा त्याची कमाईही थांबली. केसला टाळेबंदी नसते.

लोणावळ्याच्या हॉटेलांत कंपन्यांची प्रशिक्षण शिबिरे भरतात. तिथे डबेवाल्यांचा परस्परविश्वास शिकवताना एवढे विचारावे: या विश्वासाच्या वर्तुळाबाहेर कोण उभे आहे? जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 सालीच मांडले. तो विचार अभ्यासक्रमात येत नाही तोवर, एका संस्कृतीचे ज्ञान दुसरीकडे नेताना तिची विषमताही गुण म्हणून नेली जाईल.