दार कोणासाठी?

मंडळी, परवा आम्ही वास्तुकलेच्या एका विद्यार्थ्याचा आराखडा पाहिला. विषय होता परळमधल्या इमारतीचे प्रवेशद्वार. काचेचे दार, उंच लॉबी, सुरक्षारक्षकाचे टेबल. रेखाटन सुबक, पण पावसात भिजून आलेल्याने छत्री कुठे मिटायची, याचे उत्तर त्यात नव्हते.

१९२०च्या दशकातल्या बीडीडी चाळी आठवा. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या. तिथे 'कोणाकडे आलात?' हे रखवालदार नाही, पायरीवर बसलेले आजोबा विचारत. अडवण्याआधी ओळख करून घेणे, हा त्या प्रवेशाचा गुण.

पण आपण चाळीचे गोडवे गातो तेव्हा एक गोष्ट सोयीने विसरतो. शहरातल्या कितीतरी चाळींत जिना सगळ्यांना मोकळा होता, खोली मात्र जात विचारून मिळे. आज अनेक टॉवरांत कामवाल्या बाईंची लिफ्ट वेगळी असते. भेद गेला नाही, त्याने फक्त जागा बदलली. आणि ती जागा नकाशावर कोणीतरी आखलेली असते, बरं का!

म्हणून त्या विद्यार्थ्याला आम्ही एवढेच म्हटले, "लालबागच्या एखाद्या जिन्यापाशी तासभर उभा राहा. कोण न विचारता आत जातो, कोणाला थांबवतात, ते टिपून घे. पेन्सिल त्यानंतर उचल."