लोणारचे गुलाबी पाणी आणि पडद्यावरील विज्ञान

जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांचे लक्ष एकाएकी या विवराकडे वळले. 'गूढ' आणि 'रहस्य' हे शब्द काही दिवस पडद्यावर सतत झळकत होते. विज्ञान आणि श्रद्धा यांविषयीची जनसामान्यांची समजूत हे माध्यम कशी घडविते, हे तपासण्यास आम्हांस याहून जवळचे उदाहरण दिसत नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. लोणारचे पाणी मुळातच खारट व अल्कधर्मी आहे. रंग बदलताच शैवालाचा तर्क पुढे आला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे होते. पाण्याचे नमुने तपासण्यात आले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काही आठवड्यांतच उत्तर दिले. अतिशय खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव गुलाबी रंगद्रव्य निर्माण करतात; बाष्पीभवनाने पाण्याचा खारटपणा वाढला आणि त्यांची संख्याही वाढली. तर्क झाला, तपासणी झाली, पहिला तर्क मागे पडला. विज्ञान ते हेच. परंतु आमच्या पाहण्यात, 'गूढा'ला मिळालेला वेळ या निष्कर्षाला पडद्यावर मिळाला नाही.

लोणारवरील माहितीपटांचा साचाही ठरलेला असतो. आरंभी लवणासुराची कथा, दैत्यसूदन मंदिराची शिल्पे, मग संगणकाने रंगविलेली उल्का आणि तिचा स्फोट. दोन्ही कथा एकाच गंभीर आवाजात, एकाच पार्श्वसंगीतावर सांगितल्या जातात. प्रेक्षकास वाटते, एक पुराणिकांची कथा, दुसरी वैज्ञानिकांची. आवडेल ती घ्यावी. या दोहोंतील खरा भेद मात्र दाखविला जात नाही. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर ज्वालामुखीचे असावे, असे अभ्यासक दीर्घकाळ मानीत होते. विवराच्या तळाशी छिद्रे घेऊन काढलेल्या खडकांत प्रचंड आघातानेच बनणारी मॅस्केलिनाइट ही काच सापडली आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने उल्कापाताचा पक्ष बळकट केला. विवराच्या वयाचा प्रश्न तर अजून मिटलेला नाही. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे येते, तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मापनाने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. निवेदक मात्र एकच आकडा निःशंकपणे सांगून मोकळा होतो. लवणासुराची कथा कोणत्या पुराव्याने खोटी ठरेल, हे कोणी सांगत नाही. उल्केची कथा कोणत्या पुराव्याने खोटी ठरली असती, हे सांगता येते. हा भेद वगळला की विज्ञान म्हणजे केवळ अधिक महागड्या चित्रांचे पुराण उरते.

माध्यमास सरसकट दोष देणे न्यायाचे होणार नाही. १६ फेब्रुवारी १९८० च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी लोक घरातच राहावेत म्हणून दूरदर्शनने चित्रपट दाखविला. त्याच दूरदर्शनने २४ ऑक्टोबर १९९५ चे ग्रहण थेट दाखविले. 'टर्निंग पॉइंट' या कार्यक्रमात प्रा. यशपाल प्रेक्षकांच्या साध्यासुध्या प्रश्नांना सन्मानाने उत्तरे देत. प्रश्न विचारणारा तेथे केंद्रस्थानी होता, हे त्या कार्यक्रमाचे मोल आम्ही मानतो.

बौद्ध वाचकांसाठी प्रश्न याहून खोल आहे. केसपुत्त येथे कालामांना भगवान बुद्धांनी परंपरा, ग्रंथ, नुसता तर्क, एवढेच नव्हे तर गुरूविषयीचा आदर, यांपैकी कशाच्याही आधारे एखादी गोष्ट स्वीकारू नये, असे सांगितले. 'शास्त्रात लिहिले आहे' हे वाक्य आपण नाकारले. पण 'वैज्ञानिकांनी सिद्ध केले' हे वाक्य, कसे सिद्ध केले हे न विचारता, आपण मान डोलावून स्वीकारतो. मग आपण केवळ पुरोहित बदलला, असे म्हणावे लागेल.

याच ठिकाणी आम्हांस स्वतःलाही तपासावे लागते. बुद्धांना अणूचे किंवा विश्वोत्पत्तीचे आधुनिक ज्ञान होते, असे एखाद्या कार्यक्रमात सांगितले की आपल्याकडे आनंदाने टाळ्या पडतात. पुराणात विमाने शोधणाऱ्यांस आपण हसतो, आणि सुत्तांत अणू शोधताना तोच मार्ग धरतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकातील लेखात धर्म बुद्धीशी, म्हणजेच विज्ञानाशी, सुसंगत असला पाहिजे असे प्रतिपादन केले. ती धर्मावर घातलेली अट होती. भिंतीवर टांगण्याचे प्रशस्तिपत्र नव्हे. धम्माचा विषय दुःख, त्याचे निरसन आणि माणसाचे माणसाशी नाते हा आहे. उद्या एखादा वैज्ञानिक सिद्धान्त बदलला तर त्यावर टेकविलेला गौरव कोसळेल. पंचशीलास मात्र त्याची झळ लागणार नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. विहारातील साप्ताहिक वंदनेनंतर असा एखादा कार्यक्रम मुलांसमवेत पाहावा आणि नंतर तीन प्रश्न विचारावेत : हे यांना कसे कळले? याविरुद्ध पुरावा सापडला तर ते काय करतील? कोणता प्रश्न अजून सुटलेला नाही? जिल्ह्यातील उपासकांनी तर मुलांना लोणारच्या काठावरच न्यावे. तेथील कमळजादेवीच्या भाविकांची कुचेष्टा करू नये. मुलांना विवराची कड, खडक आणि पाणी पाहू द्यावे, आणि त्यांच्या प्रश्नांची उत्तरे देण्याची आपण घाई करू नये.