'ध' चा 'मा' : एका आख्यायिकेचें परीक्षण

क्षुल्लक योगायोगानें राज्यांचें भवितव्य पालटतें, या मताच्या पुष्ट्यर्थ आपल्याकडे जें उदाहरण हटकून पुढें केलें जातें तें 'ध' चा 'मा' झाल्याचें होय. रघुनाथरावांनीं गारद्यांस दिलेल्या पत्रांत नारायणरावांस 'धरावें' असें होतें. आनंदीबाईंनीं अक्षर फिरवून तें 'मारावें' केलें. आणि शके १६९५ च्या भाद्रपदांत (३० ऑगस्ट १७७३) शनिवारवाड्यांत अठरा वर्षांच्या पेशव्याचा खून झाला. ग्रँट डफच्या १८२६ सालीं छापलेल्या इतिहासांत ही कथा आली व पुढें नाटकांनीं ती घरोघर नेली. जुने कागद जमविणाऱ्यांनीं तरी ती कागदाच्या कसोटीवर घासून पाहावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिला प्रश्न अस्सल पत्राचा. छापलेल्या साधनांत तें आमच्या पाहण्यांत नाहीं. शिवाय 'धरावें' चें 'मारावें' करण्यास एक अक्षर पालटून भागत नाहीं; त्यास काना द्यावा लागतो. धांवत्या मोडी हातांत, शब्दांस शब्द लागून गेलेल्या ओळींत, असा फेरफार खाडाखोड केल्यावांचून बेमालूम साधेल काय? खाडाखोड होती तर ती कशी दिसत होती, शाई एक होती कीं निराळी, याविषयीं आख्यायिका मूक आहे. साध्या वतनाच्या तंट्यांतहि आपण इतका पुरावा मागतों. मग एका स्त्रीच्या माथीं खुनाचा दोष देतांना तो मागूं नये, हें न्यायाचें नव्हे.

दुसरा प्रश्न असा कीं, कथा खरी धरली तरी तिनें काय सिद्ध होतें? मसनदीवर असलेल्या पेशव्यास 'धरावें' हा हुकूम तरी निर्दोष कोठें आहे? थकलेल्या पगारासाठीं चिडलेले हत्यारबंद गारदी वाड्यांत घुसवावयाचे आणि रक्तपात होऊं नये अशी अपेक्षा करावयाची, हें राजकारण कोणतें? रामशास्त्र्यांनीं रघुनाथरावांस दोषी ठरविलें, याचें मर्म हेंच. आख्यायिकेनें मात्र चुलत्याचा अपराध हलका करून काकूच्या पदरीं बांधला. ती लोकांस रुचली याचें एक कारण हेंहि असावें.

आतां योगायोगाविषयीं. अक्षर कोणी बुद्ध्या फिरविलें असेल तर तें कपट झालें; त्यास योगायोग म्हणतां येत नाहीं. या प्रकरणांतील खरा योगायोग निराळाच आहे व त्याजकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. नारायणरावांच्या मृत्यूसमयीं त्यांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. बारभाईंनीं आपला सारा डाव त्या गर्भावर मांडला. १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदर किल्ल्यावर पुत्र झाला आणि कारस्थानास धनी मिळाला. कन्या झाली असती तर रघुनाथरावांस पेशवाईवरून दूर ठेवण्यास बारभाईंजवळ कोणता आधार उरला असता? हें कोणाच्या कपटानें झालें नाहीं, कीं कोणाच्या शहाणपणानें.

तथापि योगायोगाचें माहात्म्य येथेंहि बेतानेंच गावें. रघुनाथराव इंग्रजांकडे गेले, १७७५ सालीं सुरतेचा तह करून साष्टी व वसई देऊं करून बसले, आणि त्यांतून उद्भवलेलें युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहानें मिटलें, हें खरें. परंतु इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला सुरतेच्या तहापूर्वींच, डिसेंबर १७७४ मध्यें, घेतला होता. साष्टीची त्यांची भूक कोणत्याहि पत्रांतील काना-मात्रेवर अवलंबून नव्हती. १७७२ च्या नोव्हेंबरांत थेऊर येथें माधवराव क्षयानें गेले तेव्हांच घरांतील दुही आवरणारा हात नाहींसा झाला होता. ठिणगी कोठून पडली हें पाहणें अवश्य आहे; पण दारू आधींच भरून ठेविलेली होती, हें विसरतां कामा नये.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, त्या वर्षांतील गारद्यांच्या पगाराचे हिशेब, हजिऱ्या, चिठ्ठ्याचपाट्या कोणाच्या रुमालांत निघाल्यास त्या किरकोळ म्हणून बाजूस सारूं नयेत. आणि तें बहुचर्चित पत्रच कोणास सांपडलें, तर केवळ नक्कल न छापतां छायाचित्र द्यावें व प्रत्येक खोडलेलें अक्षर नमूद करावें. तोंवर 'ध' चा 'मा' ही म्हण म्हणून खुशाल चालो. पुरावा म्हणून ती आम्हांस ग्राह्य नाहीं.